मगदूम मिश्रण

भूपाल मगदूम यांच्या घरी संडासात यंत्र बसवायला माणसं आली, तेव्हा राजमतीकाकूंनी एकच प्रश्न विचारला. फरशी धुताना त्याला पाणी लागलं तर चालेल का? यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, कमोडच्या कडेला आतून चिकटवलेली. आलेल्यांपैकी यामिनी कोष्टीने त्यांना सांगितलं की पाण्याने काही होत नाही, फक्त अ‍ॅसिड ओतू नका. काकूंनी मान हलवली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, भिंतीचा आधार घेत गेल्या, हे यामिनीने पाहिलं. साठी ओलांडलेल्या बहुतेक बायका तशाच चालतात.

हे २०३९ सालातलं. जयसिंगपूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात भूपाल आणि राजमती दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. भूपालकाका एकतीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे बनवण्याच्या कामावर होते. पाठीचे मणके एकमेकांना चिकटत जाण्याचा आजार त्यांना चाळिशीतच जडला. तेव्हापासून बावीस वर्षं ते रोज दोन वेदनाशामक गोळ्या घेत होते, एक सकाळी आणि एक सूर्यास्ताआधीच्या जेवणानंतर. त्यांच्याबरोबर त्या गोळ्या सुरू केलेल्यांपैकी कुणाच्या पोटात व्रण झाले, कुणाला रक्त चढवावं लागलं, दोघं तर गेलेच. भूपालकाकांच्या आतड्यावर मात्र ओरखडाही नव्हता. मिरजेच्या आंत्रारोग्य संशोधन केंद्राला अशीच माणसं हवी होती. चार जिल्ह्यांतून त्यांना एकोणीस जण मिळाले, आणि त्यांतलं सगळ्यात स्वच्छ आतडं सतराव्या क्रमांकाचं होतं. हे सतरावे म्हणजे भूपालकाका.

यामिनी केंद्रात माहिती-विश्लेषक होती. वय एकोणतीस, नोकरी कंत्राटी. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊन डबीतली रसायनांची कुपी बदलायची आणि खाण्यापिण्याची माहिती लिहून आणायची, हेही तिच्याचकडे होतं. पहिल्या दिवशीचा फॉर्म तिनेच भरून घेतला. वय, गोळीचं नाव, जेवणाच्या वेळा. संडास किती जण वापरतात? दोघं. घरात आणखी कोणी वेदनाशामक गोळ्या घेतं का? भूपालकाका म्हणाले, "न्हाई." काकू तेव्हा आत होत्या.

केंद्र नेमकं काय शोधत होतं, ते आधी सांगायला हवं. ही गोळी जठराला जाळते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी डॉक्टर तिच्याबरोबर आम्ल कमी करणारी दुसरी गोळी देत. पण त्या दुसऱ्या गोळीचा पहारा जठरापुरताच. पुढे लहान आतडं सुरू होतं. ते वीसेक फुटांचं, वळणावळणाचं, दुर्बीण सहजी पोचत नाही असं. तिथे वेगळाच प्रकार चालतो. गोळीतलं औषध रक्तातून यकृतात जातं. यकृत त्याला एका साखरेच्या रेणूला बांधून निरुपद्रवी करतं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडून देतं. आतड्यातले काही जिवाणू त्या साखरेसाठी ती गाठ सोडतात, आणि औषध पुन्हा मोकळं होतं. एकच गोळी आतड्याच्या अस्तराला अशी दोनदा-तीनदा भेटते आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं सोलून जाते. हे सोलणं दुखत नाही, कारण दुखणं थांबवणारी गोळी पोटातच असते.

याला आडवा येतो तो अन्नातला चोथा. सगळाच नव्हे, तर मेथी, जवस, गवार यांच्यात असतो तसा पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा. तो पित्ताला धरून ठेवतो. शिवाय तो चांगल्या जिवाणूंचं खाणं असतो. ते त्याच्यापासून एक आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्या आम्लावर पोसल्या जातात. चोथा मिळाला नाही, तर तेच जिवाणू उपाशी राहून आतड्यावरचा चिकट थर कुरतडू लागतात. म्हणजे गोळी एका बाजूने सोलते आणि जिवाणू दुसऱ्या बाजूने. इतकं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलेलं होतं. माणसाच्या पोटात कोणता चोथा, किती आणि कशाबरोबर, हे कोडं मात्र सुटलेलं नव्हतं. डबी त्यासाठी होती. ती रोजच्या रोज शौचातलं सूक्ष्म रक्त आणि सूज दाखवणारं एक प्रथिन मोजायची. प्रत्येकाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती वेगळी असते, अगदी ओळख पटावी इतकी. त्यामुळे संडासात कोण येऊन गेलं, हे डबीला आपोआप कळायचं.

दुसऱ्या महिन्यातच यामिनीला कळलं की सतराव्या क्रमांकाचं रहस्य स्वयंपाकघरात आहे. काकू शाळूचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ चाळत नसत. त्यात मेथ्या, जवस आणि वाळवून कुटलेल्या गवारीच्या शेंगा दळून घालत. हुलगेही मूठभर, पावसाळ्यात थोडे कमी. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याला गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांच्या पोटात आग पडायला लागली, तेव्हा त्यांनी हे करून बघायला सुरुवात केली होती. गवार जास्त झाली की पोट फुगतं. जवस भाजला तर उपयोग होत नाही. मेथी भिजवून वाळवली की कडवटपणा जातो. असं एकेक त्यांना कळत गेलं. कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठे लिहिलेलं नव्हतं. यामिनीने स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवून त्यांना मुठीने टाकायला सांगितलं, आणि तीन महिन्यांत तेवीस वेळा तोललं. मुठीतली मेथी दर वेळी दोन-चार दाण्यांच्या फरकाने तेवढीच भरायची.

यामिनीला ते घर आवडायला लागलं. काम अर्ध्या तासाचं असलं तरी ती दोन-दोन तास बसायची. काकू तिला ताटावर बसवल्याशिवाय सोडत नसत. त्या स्वतः मात्र ती भाकरी खात नसत. त्यांच्या दाढा गेल्या होत्या, कवळी टोचायची, म्हणून ताकात कालवलेला मऊ भात आणि दुधात भिजवलेली मैद्याची बिस्किटं. आठवड्यातून दोनदा एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. ते पीठ त्यांच्या लेखी नवऱ्याचं होतं. त्याच डब्यातून आपणही काही खावं, हे त्यांच्या मनात कधी आलं असेल असं वाटत नाही. यामिनीने हे सगळं पाहिलं, पण लिहिलं नाही. फॉर्ममध्ये फक्त स्वयंसेवकाच्या आहाराचे रकाने होते.

चौथ्या महिन्यात डबीतली कुपी मुदतीआधी अकरा दिवस संपली. यामिनीने यंत्राची देखभालीची नोंद उघडली. तिथे माणसांची माहिती नसते, फक्त कोणतं रसायन किती खर्च झालं ते असतं. रक्त सापडलं की डबी खात्रीसाठी तीच चाचणी पुन्हा दोनदा करते. ते पुन्हा करण्याचं रसायन संपलं होतं. सतराव्या क्रमांकासाठी ते एकदाही वापरलं गेलं नव्हतं. ते सगळं 'इतर-१' या नावाखाली गेलं होतं. रोज, एकही दिवस न चुकता.

त्या घरात इतर म्हणून एकच माणूस होतं.

ती कागद घेऊन डॉ. विश्वजित कारेकरांकडे गेली. ते केंद्राचे प्रमुख. माणूस कठोर नव्हता. त्यांनी नीट ऐकून घेतलं, तिला बसायला सांगितलं आणि नियम समजावला. काही वर्षांपूर्वी एका विमा कंपनीने अशाच डब्यांमधून घरातल्या सगळ्यांची माहिती चोरून वाचली होती आणि निम्म्या घरांचा विमा नाकारला होता. त्यानंतर कायदा झाला. ज्याने संमती दिली नाही, त्याच्या शरीराची माहिती उघडायची नाही, वाचायची नाही, त्याच्या नकळत त्याच्याबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. त्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांत कारेकर स्वतः होते. ते म्हणाले, आपण आत्ता बोलतोय हेसुद्धा बसत नाही त्यात. शिवाय मूळव्याध असेल. त्या वयात असते. पुढच्या महिन्यात नैतिकता समितीची तपासणी आहे, एका घरात असं काही निघालं तर एकोणीस घरांचं काम रद्द होईल. मग त्यांनी विचारलं, की इतर व्यक्ती ओळखली गेली तर चाचणी सुरूच होऊ नये, असं काही करता येईल का? कुपीही वाचेल आणि कायदाही पाळला जाईल.

यामिनीने ते केलं. सहा ओळींचा प्रोग्रॅम होता. दुपारच्या जेवणाआधी लिहून झाला. आता डबी काकूंना ओळखायची आणि डोळे मिटून घ्यायची.

ती अगदीच गप्प राहिली असंही नाही. पुढच्या भेटीत काकू ताट वाढत असताना तिने विचारलं, की तुमची तब्येत कशी आहे, काही त्रास वगैरे? भूपालकाका समोर पाटावर बसले होते. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया. यांचं बघ तू."

यामिनीने काकांचं पाहिलं. समितीची तपासणी नीट पार पडली. तिच्या कायम होण्याचा अर्ज पुढे सरकला. पुढे कुपी महिनाभर पुरू लागली आणि तिला त्या गोष्टीची आठवण करून देणारं काही उरलं नाही. काकूंचा चेहरा पिवळट दिसायला लागला होता. बसल्या जागेवरून उठताना त्या जरा थांबून श्वास घेत. यामिनी ते बघायची, आणि प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यात विचारू असं मनाशी म्हणायची.

वर्ष संपलं तेव्हा निकाल हातात होता. काकूंच्या पिठाच्या प्रमाणात बनवलेला चोथा साडेचारशे रुग्णांना दिला होता. त्यांच्यापैकी दहांतल्या नऊ जणांच्या आतड्यातलं रक्त पूर्ण थांबलं. देशभर बातमी झाली. पाकिटं निघाली, आणि पाकिटावर नाव छापलं गेलं 'मगदूम मिश्रण'. खाली भूपालकाकांचा हसरा फोटो. बदल फार लवकर झाले. गोळी देताना डॉक्टरांचा हात आता अडखळत नव्हता. दुकानात गोळ्यांची पट्टी आणि मिश्रणाचं पाकीट एकाच वेष्टणात मिळू लागलं. शिरोलीच्या कारखान्यांनी ती वेष्टणं फाटकाशी ठेवली. पाठ दुखते म्हणून हलकं काम मागायला येणाऱ्याला आधी ते हातात मिळायचं. आतडं शाबूत राहतंय म्हटल्यावर पाठीची तक्रार ऐकून घ्यायचं कुणाला कारण उरलं नाही.

मिरजेत सत्काराचा कार्यक्रम झाला. भूपालकाकांना शाल आणि मोठी खुर्ची मिळाली. त्यांना बोलायला सांगितलं, तेव्हा ते हात जोडून म्हणाले की मी काही केलं नाही, पुढ्यात आलं ते खाल्लं. लोक हसले आणि टाळ्या पडल्या. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, हिरव्या इरकलीत. निवेदकाने त्यांचाही उल्लेख केला, 'घरच्यांचं सहकार्य' म्हणून. सभागृहात गारवा नव्हता तरी त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवर गच्च ओढून घेतला होता. ओठ पांढरे पडले होते. यामिनीच्या ते ध्यानात आलं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तिला फोटोसाठी बोलावलं.

त्यानंतर नवव्या दिवशी काकू सकाळी मंदिराच्या पायरीवर कोसळल्या. मिरजेच्या इस्पितळांत काकांच्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी यामिनीला फोन केला. ती पोचली तोवर रक्ताची पहिली पिशवी लावली होती. हिमोग्लोबिन चार भरलं होतं. शल्यविशारद डॉ. निलोफर मुल्ला यांनी आतडं पाहायला कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली. ती लहान आतड्यात मधेच अडकली, पुढे जाईना. चित्रं आली ती त्यांनी यामिनीला दाखवली. ती संशोधन केंद्राची, तिला समजेल म्हणून. आतड्यात जागोजागी पातळ पडदे तयार झाले होते. जखम होते, भरते, पुन्हा होते, आणि भरता भरता अस्तर आत ओढलं जाऊन मधे पेन्सिलीएवढं भोक राहतं. असे पडदे दुसऱ्या कशाने होत नाहीत, डॉक्टर म्हणाल्या. या बाई वेदनाशामक गोळ्या घेतात, आणि पुष्कळ वर्षं.

शुद्धीवर आल्यावर काकूंनी ते कबूल केलं. सात वर्षं झाली होती. गुडघे इतके दुखायचे की ओट्याशी उभं राहता येत नसे. मंदिरातून आल्या की काही खायच्या आधी एक गोळी घ्यायच्या, म्हणजे दळण-स्वयंपाक उभ्याने उरकायचा. सुरुवातीला अर्धी, मग एक, मग दोन. गोळ्या घरातच होत्या. वेगळं डॉक्टरकडे कशाला जायचं?

चार फूट आतडं कापून काढावं लागलं. वरच्या भागातले काही पडदे तसेच ठेवावे लागले, कारण तेही काढले असते तर अन्न पचायला आतडंच पुरलं नसतं. चौथ्या दिवशी आहाराची माहिती देणारी मुलगी पत्रकं घेऊन आली. तिने सवयीने मगदूम मिश्रणाचं पत्रक उशाशी ठेवलं. डॉ. मुल्ला यांनी ते उचललं आणि म्हणाल्या की हे यांना नाही. चोथा वेळेवर मिळाला असता तर कदाचित वाचवता आलं असतं. आता आतली वाट अरुंद झाली आहे, चोथा फुगला तर तिथेच अडकेल. यापुढे भाकरी नाही, मेथी नाही, गवार नाही, कोंडा नाही. गाळलेलं, मऊ, पांढरं तेवढंच. जन्मभर.

काकूंनी पत्रक मागून घेतलं. त्यावरचा नवऱ्याचा फोटो बराच वेळ पाहिला, आणि त्याच्यावर पाण्याचं भांडं ठेवलं.

यामिनीने भूपालकाकांना त्याच दुपारी इस्पितळाच्या मागच्या बाकावर गाठलं. तिने सगळं सांगितलं. चौथा महिना, संपलेली कुपी, सहा ओळी. सांगताना ती त्यांच्या बोटांकडे बघत होती. साच्याच्या वाळूने खरबरीत झालेली ती बोटं गुडघ्यावर स्थिर होती. ते चिडतील, हात उगारतील, केंद्रावर फिर्याद करायची भाषा करतील, अशी तिने तयारी ठेवली होती.

ते म्हणाले, "ती गोळ्या घेती हे मला ठावं हुतं."

यामिनीला आधी कळलंच नाही. ते पुढे सावकाश सांगत गेले. पट्टी लवकर संपायची. आधी वाटलं, दुकानदार कमी देतो. मग एकदा तिला घेताना पाहिलं. बोलले नाहीत. संपली की दुसरी आणून ठेवायचे, तिला मागायला लागू नये म्हणून. गुडघे दुखतात तर घेऊ दे, आपणही घेतोच की, आपल्याला कुठं काय झालं? यामिनीने विचारलं, मग फॉर्म भरताना नाही का म्हणालात?

काका म्हणाले, "दोघंबी घेतो म्हटलं असतं तर तुमी दुसरं घर बघितलं असतं. एकतीस वर्सं भट्टीम्होरं हुबा हुतो मी. कुणी बस म्हनलं न्हाई. तुमी गाडी घिऊन दारात आलासा. माझ्यात कायतरी चांगलं हाय म्हनलासा. पैल्यांदाच." मग ते म्हणाले, "तिला सांगू नको."

 त्यांना दोष द्यावा तर यामिनीकडे तेवढीही जागा नव्हती. तिने आपल्या टेबलाशी बसून कागदावर आकडे पाहिले होते. त्यांनी निदान कधी रक्त पाहिलेलं नव्हतं.

तिने नैतिकता समितीकडे लेखी तक्रार केली, आपल्या नावासकट. काकूंच्या नोंदी मिळाव्यात, निदान त्यांना स्वतःला द्याव्यात, असंही मागितलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. चौथ्या महिन्यापर्यंतच्या नोंदी नियमाप्रमाणे नव्वद दिवसांत पुसल्या गेल्या होत्या. त्यानंतरच्या झाल्याच नव्हत्या. संमती न दिलेल्या व्यक्तीच्या खाजगीपणाचं रक्षण केंद्राने काटेकोरपणे केलं, असा समितीचा निष्कर्ष होता. सहा ओळींची ती तरतूद आता बाजारात जाणाऱ्या सर्व डब्यांत बंधनकारक करावी, अशी शिफारस होती, आणि ती तयार करणाऱ्या विश्लेषकाचं नाव घेऊन कौतुक होतं. कारेकरांनी ते पत्र तिच्या फाइलला लावलं. त्याच महिन्यात तिची नोकरी कायम झाली. राजीनामा तिने दोनदा लिहिला. दोन्ही वेळा तो टेबलाच्या खणात राहिला.

काकू इस्पितळातून जयसिंगपूरला गेल्याच नाहीत. नांदणीला धाकट्या बहिणीकडे, सुलोचनाकडे गेल्या. काका एकटे राहू लागले. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून ते स्वतःच्याच फोटोचं पाकीट विकत आणून भातात कालवून खात. यामिनी महिन्याला कुपी बदलायला जायची. दोघं फारसं बोलत नसत. पाकीट चोख काम करत होतं. सतराव्या क्रमांकाच्या आतड्यात रक्ताचा एक थेंबही सापडत नव्हता.

दिवाळी झाल्यावर ती नांदणीला गेली. काकू पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. हाडं वर आली होती, पण चेहऱ्यावर रंग परतला होता. सुलोचनाने पाणी दिलं आणि ती आत गेली. यामिनी म्हणाली, मला तुम्हाला काही सांगायचंय. काकूंनी हाताने थांबवलं.

"त्यांनीच सांगितलंय मला समदं, दवाखान्यातच. तुझंबी आन् त्यांचंबी."

 काकू आपणहून बोलू लागल्या. आवाज चढला नाही. पट्टी संपली की दुसरी आपोआप डब्यात यायची, असं त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने कधी विचारलं नव्हतं, तुझं काय दुखतं म्हणून. पण ती पट्टी दिसली की त्यांना वाटायचं, याला कळतंय. न बोलता आणून ठेवतोय. "लई बरं वाटायचं बघ मला. त्या गोळीपरास त्या आनून ठेवन्यानंच बरं वाटायचं." त्या थांबल्या. "आन् तुमच्या कागदावर म्हनला, न्हाई."

यामिनी रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं, पदर पुढे केला नाही. मग विचारलं, की अजून तिथंच आहेस का कामाला. यामिनीने हो म्हटलं. खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तू इचारलंस मला एकदा, मी न्हाई म्हनत न्हाई," काकू म्हणाल्या. "पर त्यांच्यासमोर. त्यांच्यासमोर मी काय सांगणार हुतो? मागच्या दारी मी भांडी घासत असायचो, तू तिथनंच जायचीस. एकदा मला एकटीला इचारायचं हुतंस, यामिनी. एकदाच."

सुलोचनाने आतून वाटी आणली. भाताची गाळलेली पेज होती. काकूंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि घोट घोट घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक घोटानंतर त्या थांबत, आत काही अडतंय का याचा अंदाज घेत, आणि मग पुढचा घोट घेत. यामिनी समोर बसून राहिली. पेज निम्मी झाली तेव्हा काकू वाटीतून मान वर न करता म्हणाल्या, "जाताना फाटक लाव. शेळ्या येत्यात आत. आन् परत येऊ नगंस."

यामिनी उठली. फाटकाची कडी गंजलेली होती, दोन्ही हातांनी दाबावी लागली. कडी नीट बसली याची तिने दोनदा खात्री केली, आणि रस्त्याला लागली.